भाच्याची पहिली रायफल : .२४३ की .२७०?

नेमबाज_कोथरूड
माझा भाचा कोलोरॅडोत असतो. यंदा त्याला प्राँगहॉर्न (हरणासारखा माळावरचा प्राणी) आणि म्यूल डिअर (तिथलं एक हरीण), दोन्हींचे शिकारीचे परवाने मिळालेत. शिकारीची ही त्याची पहिलीच खेप आणि रायफल एकच घ्यायची आहे. तिथल्या दुकानदाराने .२७० विंचेस्टर पुढे केली (हे आकडे गोळीच्या जाडीचे, साधारण इंचांत). मी फोनवर .२४३ घे म्हणालो आणि तेव्हापासून आमचं जुंपलंय. माझं म्हणणं मांडतो, चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

मी स्वतः कधी जनावर मारलेलं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो प्रश्नच उरला नाही. पण पुण्यात रेंजवर पंचवीस वर्षं रायफल चालवली, नवी मुलं शिकवली. मोठा धक्का बसणारी रायफल नवख्याच्या हाती दिली की दहा-बारा बारांत त्याचा खांदा आधीच आखडायला लागतो. चाप ओढायच्या क्षणी डोळा मिटतो. ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही. .२७० चा धक्का .२४३ च्या दीडपट तरी असतो.

.२४३ हे १९५५ चं काडतूस. जाड गोळीच्या .३०८ काडतुसाचीच पितळी पुंगळी, मान आवळून ६ मिमी केलेली. १०० ग्रेनची (साडेसहा ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटरने सुटते. प्राँगहॉर्न असतो पन्नासेक किलोचा, म्हणजे आपल्या थोराड काळविटाहून थोडाच मोठा. कोलोरॅडोचा नियम किमान ६ मिमी नळी, ७० ग्रेनची, आत शिरल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा मागतो. .२४३ त्यात आरामात बसते.

डेन्व्हरवासी
काका, नियमात बसणं वेगळं आणि माळावर पुरणं वेगळं. मी इथे नऊ मोसम केलेत. प्राँगहॉर्न उघड्या गवताळ माळावर राहतो, त्याची नजर फार तेज. शंभर यार्डांवर तो तुम्हाला येऊ देत नाही. अडीचशे-तीनशे हे नेहमीचं अंतर. तिथे .२७० ची १३० ग्रेनची गोळी .२४३ च्या जवळपास दीडपट ऊर्जा घेऊन पोचते. हे काडतूस १९२५ पासून याच कामासाठी वापरात आहे.

आणि म्यूल डिअरचं काय? नर शंभर किलोचा असू शकतो. तो कायम आडवा उभा राहील असं नाही. तिरका उभा असला तर गोळीला खांद्याचं हाड फोडून फुफ्फुसापर्यंत जायचं असतं. हलकी गोळी वरच फुटली तर जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. एकदा संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन माग काढलाय मी, .२४३ ने मारलेल्याचाच. सापडलं नाही. ते अजून डोक्यातून जात नाही.

मुळशीकर
दोन्ही सोडा, ६.५ क्रीडमूर (साडेसहा मिमीचं काडतूस) घ्या. लांब, निमुळती गोळी. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात तीनशे यार्डांवर .२४३ पेक्षा दोनेक इंच कमी सरकते. धक्काही दोघींच्या मधला.

खडकीचा_निवृत्त
मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतो. आपल्याकडची .३१५ ची काडतुसं तिथलीच, बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. तुम्ही सगळे पुंगळीवर भांडताय, गोळीबद्दल कोणी बोलतच नाही. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे .२४३ ची गोळी अर्ध्या तोळ्याहून जरा जास्त, .२७० ची पाऊण तोळ्याला जरा कमी. फरक तीस ग्रेनचा. पण पातळ तांब्याच्या कवचातलं मऊ शिसं हाडावर भुगा होतं आणि शिसं कवचाला पक्कं जोडलेलं असेल तर तीच गोळी बहुतेक वजन राखून आत जाते. डेन्व्हरवासी, त्या रात्री गोळी कोणत्या बनावटीची होती?

डेन्व्हरवासी
स्वस्तातली, साधी. जोडलेली नव्हती. हे मान्य करायला हवं.

माळरान
मला या धाग्यावर बसवत नाही, तरी लिहिते. मी दर हिवाळ्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला जाते. सकाळच्या गवतात मान वर करून उभी असलेली मादी पाहिली की 'किती यार्डांवर, किती ऊर्जा' हे शब्द मला सहन होत नाहीत. हौसेसाठी जीव घ्यायचा कशाला? आपली काळविटं बंदुकीने नाही, संरक्षणाने टिकली. रेहेकुरीला १९८० साली अभयारण्य झालं म्हणून ती आज दिसतात.

डेन्व्हरवासी
ताई, इथला हिशोब निराळा आहे. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. परवान्यांची संख्याही कळप मोजून ठरते. आणि आम्ही मांस खातो, टाकून देत नाही.

माळरान
कराने माझं दुःख कमी होत नाही. पण तुम्ही खाता म्हणताय तर शिशाचं काय? जनावर सोलून आतडी माळावर टाकता, त्यातले शिशाचे कण गरुड-गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने काँडॉर गिधाडांसाठी शिकारीतलं शिसं टप्प्याटप्प्याने बंद केलं, १ जुलै २०१९ पासून पूर्णच. गिधाडं गमावणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? तुमचा भाचा जाणारच असेल तर निदान शिसं वापरू नये.

नेमबाज_कोथरूड
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज त्याला तेच सांगितलं. निव्वळ तांब्याची गोळी.

मात्र याने माझी .२४३ ची बाजू भक्कम होते. तांबं भुगा होत नाही, त्यामुळे ८० ग्रेनचीही गोळी खोल जाते. अडचण वेगाची. वेग फार पडला तर तांबं फुलतच नाही. म्हणून अंतराला मर्यादा हवी. मी त्याला २५० यार्ड सांगितलेत, त्यापलीकडे चाप नाही. आठ इंची पोलादी ताटली २५० यार्डांवर लावून, बसून, वीसपैकी अठरा लागेपर्यंत माळावर पाऊल टाकायचं नाही.

डेन्व्हरवासी
प्राँगहॉर्नपुरतं पटलं. म्यूल डिअरला मात्र मी .२७० च म्हणेन, आणि तीही तांब्याच्याच गोळीने. माझी .२७० मोसमभर कपाटात असते. भाच्याला सांगा, शनिवारी रेंजवर भेटू. तीच ताटली, दोन्ही रायफली, आणि वारा असलेला दिवस निवडा.

नेमबाज_कोथरूड
पाठवतो त्याला. दोन्हींचे आकडे इथेच टाकेन, .२४३ मागे पडली तरी.