अंधार, शांतता... तरी छाती का धडधडते?

रातजागा: दिवा बंद, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे. एवढं केल्यावर शरीर निवायला हवं ना? माझं उलटच होतं. पडल्या पडल्या उद्याच्या कामांची जुळवाजुळव सुरू होते, तळवे ओलसर होतात आणि नाडी कानात ठणकायला लागते. बाहेरून काहीच येत नसताना हे कशामुळे?

प्रयोगवही: मी शरीरक्रियाशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, त्यामुळे हे नेहमी बघते. विद्यार्थ्याच्या दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून त्याला डोळे मिटून बसवायचं. पडद्यावर त्वचेच्या विद्युतवाहकतेची रेघ (घाम वाढला की ती वर जाते) हळूहळू खाली उतरते. मग सांगायचं, "१०२२ मधून १३ वजा करत जा." तो "१००९" म्हणेपर्यंत रेघ वर चढलेली असते! खोली तीच, डोळे मिटलेलेच. तळव्याच्या घामग्रंथी अनुकंपी मज्जासंस्थेच्या, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या, ताब्यात असतात, आणि तिला जागं करायला डोक्यातली आकडेमोड पुरते.

मेंदूचंही तसंच. डोळे मिटले की मेंदूच्या विद्युत नोंदीत (ईईजी) अल्फा लहरी, सेकंदाला साधारण ८ ते १३, ठळक दिसू लागतात. मनात गणित सुरू केलं की त्या दबतात. हे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्या काळापासून माहीत आहे. माणसाच्या ईईजीवरचा त्यांचा पहिला निबंध १९२९ चा.

हृदयाचा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटतो. जॉन आणि बिआट्रिस लेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना दिसलं की बाहेरचं काही लक्ष देऊन पाहता-ऐकताना ठोके मंदावतात आणि मनातल्या गणिताने वाढतात. घाम मात्र दोन्ही वेळा वाढू शकतो! म्हणजे शरीराची उत्तेजना एकाच बटणावर चालत नाही.

रातजागा: मग बोळे काढून टाकू?

प्रयोगवही: काही रात्री काढून बघा. कान बंद केले की हाडांतून येणारे शरीराचे आवाज मोठे वाटतात, ठणका त्याचाच असावा. पंख्याच्या घरघरीकडे लक्ष द्या, आणि उद्याची कामं झोपण्याआधी कागदावर उतरवा. दिवसाही धडधड होत असेल, ठोके चुकत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

तरंगता: मी मिठाच्या कोमट पाण्यात, अंधाऱ्या टाकीत तरंगतो. सुरुवातीला डोकं गरगर चालतं, तोवर खांदे आवळलेलेच. विचारांची साखळी सुटली की मग अंग सैल पडतं. टाकीत शिरल्या शिरल्या शांतता मिळेल, असं धरून चालू नका.