संयुक्त खर्चाची वाटणी: वजनावर की विक्रीमूल्यावर?

ताळेबंद:
सोयाबीनच्या गाळपातून तेल आणि पेंड एकदमच निघतात. दाण्याची खरेदी, साफसफाई, गाळप हा सगळा खर्च दोघांचा मिळून. तो वजनावर वाटणं बंद व्हावं, असं माझं ठाम मत आहे. समजा 100 किलो दाण्यातून 18 किलो तेल आणि 80 किलो पेंड निघाली. तेलाची विक्री 54, पेंडीची 80, संयुक्त खर्च 120. वजनावर वाटलं तर तेलावर 22 आणि पेंडीवर 98 पडतात, म्हणजे पेंड 18 ने तोट्यात. विक्रीमूल्यावर वाटलं तर तेलावर 48, पेंडीवर 72, दोन्ही नफ्यात. एकूण नफा दोन्हीकडे 14 च! पेंड बंद करून नुसतं तेल काढता येत नाही, मग हा कागदी तोटा कशासाठी? आयएएस 2 या लेखामानकातही सापेक्ष विक्रीमूल्याचंच उदाहरण दिलंय.

घनभाग:
अजिबात पटलं नाही. उद्या तेलाचा भाव चढला की पेंडीवरचा खर्च आपोआप उतरणार, गाळपात काडीचाही फरक न पडता. अशा खर्चावरून भाव कसा ठरवायचा? वजन चुकतंय तर वजन सुधारा. चीजचंच बघा: 1 किलो चीजमागे साधारण 9 किलो व्हे (दूध फाटल्यावर वेगळं होणारं पाणी) निघतं, पण ते बहुतांश पाणी. म्हणून घनपदार्थ, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, मोजा. दुधातले जवळपास निम्मे घनपदार्थ व्हेमध्येच जातात.

ताळेबंद:
म्हणजे निम्मा खर्च व्हेवर? व्हेमधल्या घनपदार्थांचा मोठा भाग लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आहे. त्याचा किलो आणि चीजमधल्या केसीन या प्रथिनाचा किलो एका मोलाचे नाहीत. शिवाय व्हेची पावडर करायची तर पाणी उडवायला भरपूर इंधन लागतं. पावडरच्या भावातून तो पुढचा खर्च वजा करा आणि उरलेल्या मूल्यावर वाटणी करा.

गाळणी:
व्हेची पावडर करावी की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर दोघांच्याही वाटण्या बाजूला ठेवा. दुधाचा खर्च होऊन गेलेला आहे. वाढीव उत्पन्न वाढीव खर्चापेक्षा जास्त आहे का, इतकंच बघा. व्हेची किंमत नगण्य असेल तर ते उपउत्पादन धरून त्याचं निव्वळ मूल्य चीजच्या खर्चातून वजा करा, विषय मिटला.

घनभाग:
मिटला कसा? विभागप्रमुखांचं मूल्यमापन याच आकड्यांवर होतं. पावडर विभागाने वाफ वाचवली की ताळेबंद यांच्या हिशेबात त्याचं उरलेलं मूल्य वाढतं, आणि लगेच दुधाचा जास्त खर्च त्याच्याच माथी येतो. काटकसर करणाऱ्यालाच भुर्दंड! घनपदार्थांच्या प्रमाणात हे होत नाही.

ताळेबंद:
हा मुद्दा रास्त आहे, आणि गंभीरही. पण त्यावर उपाय आहे: वर्षाच्या सुरुवातीला प्रमाणित (आधीच ठरवून ठेवलेले) भाव आणि प्रमाणित खर्च धरून वाटणीचं प्रमाण ठरवा आणि विभागांच्या मूल्यमापनासाठी ते वर्षभर बदलू नका. वाफेची बचत मग पूर्ण त्या विभागाच्याच खात्यात राहते. त्यासाठी लॅक्टोज आणि केसीन एका तराजूत घालायला मी तयार नाही.