‘धीर’, ‘सहनशीलता’ की ‘चिकाटी’?

प्रश्न : मंडळीच्या मासिकासाठी विश्वासात शेवटपर्यंत टिकण्याविषयी लेख लिहीत आहे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात या अर्थी बहुतेक ठिकाणी ‘धीर’ येतो. परंतु आजचा तरुण वाचक ‘धीर देणे’ म्हणजे सांत्वन करणे एवढेच समजतो. त्याऐवजी सरसकट ‘चिकाटी’ लिहिले तर चालेल का?

उत्तर १ : सरसकट लिहू नये, असे माझे मत आहे. नव्या करारात येथे मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ आहे आणि त्याची फोड ‘खाली राहणे’ अशी होते. म्हणजे अंगावर ओझे आले असताना जागा न सोडणे. ‘धीर धरणे’, ‘धीर सुटणे’, ‘धीर खचणे’ हे आपले वाक्प्रचार पाहिले, तर हा अर्थ मराठीतून अजून गेलेला नाही. तो केवळ ‘धीर देणे’ या एका प्रयोगात झाकला जातो, कारण तेथे धीर बाहेरून कोणीतरी देतो. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा अशी साखळी आहे. तेथे ‘चिकाटी’ घातली, तर स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शनपर भाषणाचा सूर लागतो.

‘सहनशीलता’ हा शब्दही येथे बसत नाही. गलतीकरांस 5:22 मध्ये आत्म्याच्या फळांत सहनशीलता येते, पण तेथील ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’ हा निराळा आहे आणि त्याचा रोख बहुधा माणसांशी वागताना राग आवरण्याकडे असतो. याकोबाच्या पत्रात 5:10 आणि 5:11 या लागोपाठच्या वचनांत हे दोन्ही शब्द येतात : संदेष्ट्यांच्या बाबतीत ‘माक्रोथुमिया’ आणि जुन्या करारातील, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या बाबतीत ‘हुपोमोने’. ईयोब मुकाट्याने सोसणारा नव्हताच. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, पुढे मित्रांशी तावातावाने वाद घालतो, प्रत्यक्ष देवाकडे जाब मागतो. मात्र देवाकडे पाठ फिरवून निघून जात नाही. अशा माणसाला ‘सहनशील’ म्हणणे म्हणजे त्याचे पुस्तक, तो शांतपणे सोसतो त्या पहिल्या दोन अध्यायांपलीकडे न वाचणे होय.

उत्तर २ : वरील विवेचनाशी सहमत आहे, मात्र ‘चिकाटी’ला माझा आक्षेप वेगळ्या कारणासाठी आहे. चिकाटी ही ज्याची त्याची कमाई असते, आणि ख्रिस्ती परंपरेत खरा वाद नेमका त्यावरच झाला आहे. प्राचीन मंडळीतील बिशप व धर्मशास्त्री ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरच्या काळात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो टिकून राहण्याला देवाचे दान मानूनच. 1547 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेनेही त्यास दानच म्हटले, पण विशेष प्रकटीकरण झाल्याशिवाय ते आपल्याला लाभणारच, अशी खात्री कोणी बाळगू नये असे बजावले. उलट 1618-19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या, कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या सभेने, देव ज्यांना निवडतो त्यांना तोच अखेरपर्यंत राखतो, असे ठरवले. विश्वासणारा पडू शकेल, दीर्घकाळ भरकटूही शकेल, पण कायमचा सुटणार नाही. मतभेद मोठा आहे, तरीही टिकणे हे निव्वळ माणसाच्या जिद्दीचे फळ आहे असे या दोहोंपैकी कोणीही म्हणत नाही. म्हणून सिद्धांताविषयी लिहिताना मी ‘टिकून राहणे’ असेच लिहितो. टिकवणारा कोण, हा प्रश्न त्या क्रियापदात मोकळा राहतो.

प्रश्नकर्ता : मग ‘सबुरी’ कशी वाटते?

उत्तर १ : शब्द गोड आहे, पण मराठी वाचकाला त्यासरशी शिर्डी आठवते आणि लेखाचे लक्ष तिकडे वळते. शिवाय सबुरीत वाट पाहणे आहे, ओझे नाही. वचने उद्धृत करताना ‘धीर’ तसाच ठेवावा आणि स्वतःच्या वाक्यांत ‘टिकून राहणे’ वापरावे. ‘चिकाटी’ पूर्णपणे टाकून द्यावी असेही नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा येत राहते आणि शेवटी तो केवळ त्रासून तिचा न्याय करण्याचे ठरवतो; तिच्या प्रार्थनेला चिकाटीच म्हणावे लागेल. खरे तर ‘तगादा’ हा शब्द तेथे अधिक चपखल बसेल, फक्त तो छापण्याची संपादकांची तयारी हवी.