तिकिटाला बुटकं, पाळण्याला उंच! दुडदुडत्या पोरांना घेऊन केलेल्या सहली: अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात आम्ही लेकीला घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो. लेक तेव्हा 22 महिन्यांची. अलिबागहून पेणमार्गे खोपोली काही फार लांब नाही, सकाळी निघायचं आणि रात्री घरी, असा आमचा हिशेब. जायच्या आधी आठवडाभर मी शोधत होते, एवढ्याशा पोराला घेऊन गेलेल्या कुणी मराठीत काही लिहिलंय का. जे सापडलं ते सगळं रोलर कोस्टरवर किंचाळणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं. म्हणून हा धागा. साधारण एक ते साडेतीन वर्षांचं मूल, मग पार्क असो, वॉटर पार्क असो नाहीतर आपलाच समुद्र. काय झालं ते लिहा. फजितीसकट लिहा, फोटोतलं सगळ्यांना दिसतंच.

सुरुवात मी करते.

तिकडे तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. ठरावीक उंचीच्या खाली असलेल्या पोराला फुकट. लेकीला पट्टीपाशी उभी करताना नवरा हळूच म्हणाला, "गुडघे वाकव गं सोन्या." ती नेमकी टाचा उंचावून उभी! कारण घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंची मोजताना आम्हीच तिला "मोठ्ठी हो, मोठ्ठी हो" म्हणतो. तरी बसली फुकटात. आत गेल्यावर सगळं उलटं. आता ती चार बोटं उंच असती तर किती बरं झालं असतं, असं प्रत्येक रांगेच्या तोंडाशी. नवऱ्याने गाडीत तिला डायनासोरचं चित्र दाखवत आणलं होतं, कारण तिथे राजासॉरसची बोट आहे. (राजासॉरस खराच होता बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडलीत त्याची.) ती "डानासो, डानासो" करत दारापर्यंत गेली आणि दारात पुन्हा पट्टी. शेवटी बाबा एकटा जाऊन चिंब भिजून आला आणि लेक त्याच्याकडे अनोळखी माणसासारखं बघत राहिली.

आमच्या वाट्याला आले ते टबी नावाचे गोल गोल उडणारे हत्ती आणि मेरी-गो-राउंडचे घोडे. हत्तीवर ती तीनदा बसली, खूष. चौथ्या खेपेला रांगेतच मान टाकली. साडेबारा वाजले होते, तिची रोजची झोपायची वेळ. तिथून पुढचे दोन तास बाबागाडी सावलीत लावून आम्ही दोघं पाळीपाळीने फिरलो. एकत्र सहल कसली, खो-खोच तो.

उठल्यावर तिला काय आवडलं सांगू? खाण्याच्या दुकानांजवळ पावसाचं पाणी जायला एक जाळी होती. तिच्या फटीतून ती एकेक सुकलेलं पान आत सोडायची, वाकून बघायची आणि "बाय बाय" म्हणायची. मग पुढचं पान. चाळीस मिनिटं. मी ओढून न्यायला गेले तर जमिनीवर लोळण. नवरा म्हणाला, राहू दे, आपल्या दोघांच्या तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतायत.

आणखी एक. हवेत फिरणारा टबी आवडला म्हणून आम्ही चालत्या-बोलत्या टबीकडे, म्हणजे हत्तीचा पोशाख घातलेल्या माणसाकडे, मोठ्या हौसेने नेलं. त्याने शेकहँडला हात पुढे केला आणि लेकीने जी किंकाळी फोडली! तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. संध्याकाळची मिरवणूकही लांबूनच बघा. दिवे सुंदर असतात, पण आवाज या वयाच्या कानांना फार.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं सोडतात. मी मेतकूट-भात आणि नाचणीची पेज नेली होती. पेज थर्मासमध्ये घट्ट होते, वेगळं गरम पाणी ठेवा.

चला, आता तुम्ही.

चिपळूण, मुलगा 2 वर्षांचा

ताई, जाळीचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. आमच्याकडे जाळीच्या जागी हात वाळवायचं मशीन होतं.

दक्षिणेकडून येणाऱ्यांसाठी एक सांगतो. पेणपर्यंत जाऊ नका. महामार्गावर वाकण फाट्याला उजवीकडे वळा, पाली लागतं, आणि पालीहून खोपोलीच्या रस्त्यावरच पार्क आहे. आमच्याबरोबर आई-बाबा होते. त्यांना "तुमच्या पाळण्यांत आमचं काय काम" असं वाटत होतं, तेव्हा पालीचा बल्लाळेश्वर आणि पलीकडे महडचा वरदविनायक दाखवून त्यांना पटवलं. अष्टविनायकातले दोन एका फेरीत होत असतील तर आई कशालाही तयार होते.

फजिती घरापासून वीस मिनिटांवर झाली. "उपाशी नको न्यायला" म्हणून आईने निघताना त्याला पेलाभर दूध पाजलं आणि परशुराम घाटाच्या वळणावर ते सगळं माझ्या खांद्यावर आलं. पोराचे चार जोड कपडे होते, माझा एकही नाही. बल्लाळेश्वराच्या देवळातल्या फोटोत मी बाबांचा सदरा घालून उभा आहे, बाह्या कोपरापर्यंत. सबब, स्वतःचा एक शर्ट वर ठेवा, डिकीत नाही. आणि दूध नकोच, लाह्या नाहीतर सुकी पोळी द्या.

आम्ही पालीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पोराला घेऊन पार्कात गेलो. चिपळूणहून एका दिवसात जाऊन येणारे लोक आहेत, त्यांना माझा दंडवत.

देवगड, आजी

मी आजी म्हणून लिहितेय. सगळे आईबाप लिहितायत, पण पिशव्या कोण सांभाळतं?

मुलाने फार आग्रह केला म्हणून मीही एका पार्कात गेले. नाव लिहीत नाही. नातू सव्वा वर्षाचा. सकाळी दहाला मला एका बाकावर बसवलं. शेजारी चार पिशव्या, दोन हेल्मेटएवढ्या टोप्या आणि झोपलेला नातू. "आई, ही एक राईड करून येतो हां." ती एक राईड दुपारी दोनला संपली. मधे नातू उठला, रडला. त्याला भरवलं, लंगोट बदलला, अंगाई म्हटली आणि परत निजवला. बाकावर नीट निजेना म्हणून माझ्याजवळची सुती साडी दोन खांबांना बांधून झोळी केली. तर शिपाई धावत आला, मावशी इथे असं बांधायचं नाही. मी म्हटलं, मग तू घे मांडीवर. तो गेला आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी पाठीची खुर्ची घेऊन आला. त्याच्या घरीही एक लहान होतं म्हणे.

घरी आल्यावर मी तिकिटाची रक्कम विचारली. तेवढ्यात बांगडे किती आले असते हे मनात मोजलं आणि गप्प बसले.

रात्री नातू दचकून उठत होता. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दृष्टीने झालं की ढणढणाटाने, ते मला विचारू नका, पण झोपला.

वरच्या आजींना, मूळ पोस्टवाली

काकू, हे मी सासूबाईंना दाखवणार नाही. पुढच्या सहलीला बाकावर त्यांनाच बसवायचंय.

रत्नागिरी, मुलगा अडीच वर्षांचा

आम्ही पनवेलपर्यंत रेल्वेने आणि तिथून गाडीने गेलो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, स्वतंत्र जागा हवी असेल तरच काढायचं. रेल्वेच्या डब्यात तो मोकळा फिरतो, घाटात ओकाऱ्या नाहीत, हा मोठा फायदा.

रत्नागिरी सोडलं की थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली, खिडकी काळी झाली आणि आमचा नग सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "लाईट गेली!" समोरचे आजोबा म्हणाले, "महावितरणला फोन लाव रे." मग पनवेलपर्यंत प्रत्येक बोगद्याला तेच, आणि कोकण रेल्वेला बोगदे किती ते तुम्हाला माहीतच आहे. पार्कात तो दिवसभर होता, कुठल्या कुठल्या पाळण्यात बसला. परत आल्यावर बालवाडीच्या बाईंनी विचारलं, काय पाहिलंस? उत्तर: "लाईट गेली."

पेण, मुलगा आता 4 वर्षांचा, तेव्हा 2

मला हे लिहायला दोन वर्षं लागली.

एका वॉटर पार्कात, कुठल्या ते सोडा, मूल माझ्या नजरेआड गेलं. चार मिनिटं. घड्याळ नवऱ्याने पाहिलं होतं, मला विचाराल तर तास. गुडघाभर पाण्याचा छोट्यांचा हौद, मधे पाणी सांडणारी छत्री. मी वाकून त्याच्या पायातून निघालेली चप्पल उचलली आणि वर पाहिलं तर तो नाही. नायलॉनचेच कपडे लागतात म्हणून तिथेच भाड्याने घेतले होते, आणि तिथली अर्धी पोरं त्याच पिवळ्या कपड्यांत! प्रत्येक पिवळ्या पाठीवर मी हात ठेवत होते. मनगटावर बॉलपेनने नंबर लिहिला होता, तो पहिल्या दहा मिनिटांतच धुऊन गेला होता. शिट्टीवाल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, ऑफिसात जाऊन कळवा. ऑफिस दुसऱ्या टोकाला.

सापडला तो हौदाबाहेर, एका परक्या काकूंच्या पुढ्यात उकिडवा बसून त्यांचे वेफर्स खाताना. काकूंना वाटलं, आई जवळच असेल. मी रडले, त्याला एक धपाटा दिला, मग परत रडले.

तेव्हापासून आमचे नियम: कपडे आपलेच, भडक केशरी. नंबर पक्क्या मार्करने दंडावर. आणि पाण्यात असताना एक मोठं माणूस एका पोराला बांधलेलं, "तू बघतोयस ना?" हा प्रकार बंद. कारण दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

(साधा डायपर पाण्यात फुगून भोपळा होतो आणि मग फुटतो. पाण्यातले वेगळे मिळतात, ते न्या. या बाबतीत अधिक तपशील देत नाही.)

गुहागर

ताई, वाचूनच पोटात गोळा आला. बरं झालं लिहिलंत.

आमचं अगदी छोटं. दापोलीला निघालो होतो, धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली. लेक दीड वर्षाची. गाडी बोटीत, बोट पाण्यात, हे तिला काही केल्या पटेना. सारखी खाली बोट दाखवून "पापा? पापा?" तिच्या भाषेत पापा म्हणजे पाणी. पलीकडे उतरलो तर रडून गोंधळ. शेवटी गाडी दाभोळच्या धक्क्यावर लावून आम्ही दोघी नुसत्याच परत धोपाव्याला जाऊन आलो. मी स्वतः लहानपणी गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेले होते, त्यातलं मला आज काय आठवतं? जातानाची बोट.

मालवण, घरगुती राहण्याची सोय चालवतो

आमच्याकडे लहान मुलं घेऊन येणारे बरेच, तेव्हा पाहुण्यांचंच लिहितो.

पहिली चूक, लोक अकरा वाजता किनाऱ्यावर जातात. वाळू तापलेली, पोर पाय टेकवायला तयार नाही, मग दिवसभर कडेवर. सकाळी साडेसहा-सातला जा. ओहोटी असेल तर उत्तमच, ओली घट्ट वाळू मिळते आणि कुर्ल्यांची बिळं दिसतात. कुर्ली बिळातून डोकावते, पोर धावतं, कुर्ली आत. पोर बसून राहतं, कुर्ली परत डोकावते. याला तिकीट नाही आणि उंचीची पट्टीही नाही.

दुसरं, बोट. सिंधुदुर्ग किल्ल्यावर सगळ्यांना जायचं असतं, जावंच. महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला समोर दिसत असताना मालवणात येऊन कोण थांबेल? पण मोठ्यांचं लाईफ जॅकेट दोन वर्षांच्या पोराला घातलं की ते कानांपर्यंत वर सरकतं. पाण्यात पडलं तर पोर खालून निसटणार. मापाचं आहे का ते धक्क्यावर आधी विचारा. नसेल तर दुसरी बोट बघा, नाहीतर एकाने मागे राहा. यावरून माझ्याशी भांडलेले पाहुणे आहेत. भांडू देत.

आणि पोर लाटेला घाबरलं तर उचलून आत नेऊ नका, "काही होत नाही" म्हणत. आमची आई किनाऱ्यावर बसून त्यांना विचारते, "भियालंस काय रे बाबू?" आणि वाळूत खड्डा करून देते. समुद्रच येतो खड्ड्यात, आपला आपण. अर्ध्या तासात पोर स्वतः पाण्याकडे जातं.

दापोली

वेळासला कासवांची पिल्लं बघायला नेलं होतं, मुलगी तीन वर्षांची. पहाटे उठवायचं, चालायचं, दोरीमागे उभं राहायचं, आणि घरट्यातून पिल्लं निघतीलच असं नाही. आमच्या पहिल्या सकाळी एकही नाही. संध्याकाळी सात पिल्लं निघाली. सगळे फोटो काढत होते आणि हिने मोठ्याने विचारलं, "यांची आई कुठेय?" आजूबाजूचे हसले. मी सांगितलं, आई समुद्रात आहे, ती तिकडेच चाललीत. खरंखोटं कासवच जाणे.

मूळ पोस्टवाली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तिघींनी विचारलं, मे महिन्यात नेऊ का, सुट्टी तेव्हाच असते. माझं मत, दोन वर्षांच्या मुलाला सुट्टी रोजच असते, मे महिना मोठ्या भावंडांचा. तेव्हा नेलंत तर घामोळं, गर्दी आणि तापलेल्या लोखंडी कठड्याच्या रांगा. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार बघा, नाताळचा आठवडा सोडून. पावसाळ्यात सायीसारखी हवा असते, पण सगळं ओलं आणि बाबागाडीची चाकं चिखलात.

आणि चिपळूणचे दादा, ते हात वाळवायच्या मशीनचं अर्धवट सोडलंत. किती वेळ?

चिपळूण

पंचवीस मिनिटं. पुरुषांच्या स्वच्छतागृहात. मी त्याला उचलून धरायचा, तो हात घालायचा, वारं आलं की खदखदून हसायचा. मागे रांग लागली होती. एका गृहस्थाने विचारलं, ही कुठली राईड?