अंधेरीच्या पुढे पाहण्यासारखे काही नाही, हे विधान मला मान्य नाही

पोयसरकाठ:

काल एका सदस्यांनी येथे असे लिहिले की, बोरिवली-कांदिवलीकडे राहणाऱ्यांना रविवारी मुलांना काही दाखवायचे असेल तर चर्चगेटची गाडी पकडण्यावाचून पर्याय नाही, कारण अंधेरीच्या पुढे मॉल आणि टोलेजंग इमारती सोडल्या तर संस्कृती म्हणावी असे काही उरत नाही. त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ज्या साष्टी बेटावर आपण राहतो, तेथे कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर अशी चार ठिकाणची लेणी आहेत. मागाठाण्याची पाचवी, पण ती वस्तीने इतकी वेढली आहेत की शेजाऱ्यालाही पत्ता सांगता येत नाही. एकट्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथे सुमारे हजार वर्षे भिक्षूंचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या) ओवरीत दोन्ही अंगांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. एक्केचाळिसाव्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची अकरा मस्तकांची मूर्ती आहे आणि तशी दगडी मूर्ती भारतात फार दुर्मीळ आहे. नव्वदाव्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

मुलांना मात्र यांतले काहीच आधी दाखवू नये, पाणी दाखवावे. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेले टाके आहे, आणि वरच्या उतारावरून त्यात पाणी आणणारी बोटभर रुंदीची पन्हळ आहे. त्या पन्हळीत बोट घालून मूल वर चढत गेले, की डोंगरावर पडलेला पाऊस कसा साठवला जात असे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच जंगलात १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ सालचा तुळशी हे तलाव आहेत. हे सर्व बोरिवली स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर असताना 'येथे काही नाही' असे मुलांच्या देखत म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

गिरगावातून बोरिवलीत:

ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. लेणी आहेत की नाहीत हा माझा प्रश्न नव्हता. सासूबाई आणि दोन लहान मुले बरोबर असताना तेथे जाता येते का, हा होता. कान्हेरी ज्या जंगलात आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारावर एक तिकीट काढायचे, तेथून सहा-सात किलोमीटर आत जायचे, मग लेण्यांच्या पायथ्याशी दुसरे तिकीट काढायचे, आणि त्यानंतर उन्हात तापलेल्या कातळातल्या पायऱ्या चढायच्या. बसची वाट पाहत सासूबाई अर्धा तास उभ्या होत्या. लेण्यांवर माहिती सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे मुलांनी दोन खोल्या पाहिल्या आणि तिसऱ्या खोलीशी 'हेही तसेच आहे' म्हणून बसून घेतले.

उलट राणीच्या बागेत जावे, तर १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालय तिथेच लागून आहे. वस्तूंखाली चिठ्ठी आहे, डोक्यावर छप्पर आहे, बसायला बाक आहे. ज्या जागेचा अर्थ सामान्य माणसाला तेथेच कळत नाही, ती कितीही प्राचीन असली तरी कुटुंबाच्या रविवारासाठी उपयोगाची नाही. राष्ट्रीय उद्यानातील वनराणी ही छोटी आगगाडी हे मुलांचे एक आकर्षण होते, पण २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची नासधूस झाल्यानंतर तीही बराच काळ बंद राहिली.

पार्ल्याची आजी:

संस्कृती म्हणजे केवळ दगड नव्हेत, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे. आमच्या पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे, दीनानाथ नाट्यगृह आहे, आणि तुमच्या बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. माझ्या गुडघ्यांना आता गाडीचा जिना झेपत नाही, पण दीनानाथचा प्रयोग संपल्यावर मी चालत घरी येते आणि वाटेत मैत्रिणीशी दुसऱ्या अंकावर भांडते. दक्षिण मुंबईतील नाट्यगृहातून परतताना शेवटच्या गाडीच्या काळजीने तिसरा अंक धड पाहता येत नसे, ते दिवस मला परत नकोत.

दुपारपाळी:

चर्चा लेणी आणि नाटकांवर गेली, पण साध्या बागेविषयी कोणीच बोलत नाही. मी पहाटे कामावर जातो आणि दुपारी मोकळा होतो. आमच्या भागातील बागेला नेमके त्या वेळी कुलूप असते. आत झाडांची गार सावली दिसते आणि मी कठड्याबाहेर, तापलेल्या पदपथावर डबा खातो. संध्याकाळी बाग उघडते तेव्हा बाकांवर जागा नसते. हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, खाऊ नये, अशी पाटी प्रवेशद्वाराशीच आहे. स्वच्छतागृह आहे, पण त्याची किल्ली असलेला माणूस कधी सापडत नाही, आणि त्यामुळे माझी पत्नी तेथे तासाभरापेक्षा जास्त थांबत नाही. वीर सावरकर उद्यानातील तळे सुंदर आहे आणि आरेतील छोटा काश्मीरही रम्य आहे, हे मी नाकारत नाही. पण रोजच्या वापराची बाग ज्या माणसाला सर्वांत जास्त हवी आहे, त्याच्या वेळेला ती बंद असेल, तर 'आपल्याकडे सर्व काही आहे' हे ऐकून घेणे कठीण जाते.

शिलालेख:

मंडपेश्वरचा नुसता उल्लेख करून पुढे जाणे योग्य नाही. सुमारे सहाव्या शतकातील हे शैव लेणे आहे. आत नटराजाचा शिल्पपट आहे आणि त्याच्या भोवती ब्रह्मा, विष्णू, गणेश अजून ओळखू येतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी येथे चर्च केले, एका भिंतीवरील शिल्प तासून त्यावर क्रूस कोरला, आणि वरच्या अंगाला बांधलेल्या त्यांच्या इमारतीचे अवशेष आजही उभे आहेत. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. एवढा इतिहास एका भिंतीवर दिसतो, अशी जागा उपनगरात दुसरी नाही.

आणि त्या लेण्याच्या पुढ्यात सकाळ-संध्याकाळ क्रिकेट चालते. मी भाच्याला घेऊन खांब पाहत असताना चेंडू आत येऊन खांबाच्या तळाशी आपटला आणि तो आणायला पोरगा बुटांसकट आत धावला. समोरची संपूर्ण जागा बंदिस्त करून खेळ थांबवलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मैदान हवे:

शिलालेख, तुम्ही भाच्याला घेऊन एकदा आलात. आम्ही तेथे वाढलो. या भागात मुलांना पळायला किती जागा उरली आहे, हे एकदा चालून पाहा, कारण जेथे मैदान होते तेथे आता वाहनतळ आहे. मी शाळकरी मुलांना संध्याकाळी क्रिकेट शिकवतो. त्या मुलांना नटराज कोठे आहे हे ठाऊक आहे, आणि रात्री तेथे बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना हुसकावणारीही तीच मुले आहेत. तुम्ही जागेला कुंपण घाला, मुलांना हाकला, आणि मग वर्षभराने येऊन पाहा की तेथे कोण बसते आहे.

शिलालेख:

खांबाला चेंडू लागला तर त्याचा कपचा उडतो आणि तो परत बसवता येत नाही. मुलांच्या प्रेमाने दगड जुळत नाही. तुमच्या भावना मी समजू शकतो, पण त्या भावना चौदाशे वर्षांच्या शिल्पापेक्षा मोठ्या ठरवू शकत नाही.

जोगेश्वरी पूर्व:

कुंपण घाला, बंदिस्त करा, हटवा, हे शब्द येथे किती सहज लिहिले जात आहेत! आता माझे ऐका. मी जोगेश्वरीच्या लेण्याजवळच्या चाळीत जन्मलो. माझी आई लग्न होऊन येथे आली तेव्हापासून शुक्रवारी देवीला जाते. लांब पायऱ्यांच्या चिंचोळ्या वाटेने खाली उतरले की पावसाळ्यात छतातून पाणी ठिबकत असते, पायाखाली निसरडे असते, आणि भिंतीला धरत धरत त्या बायका गाभाऱ्यापर्यंत जातात. दारावर शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्प आहे, ते आईनेच मला लहानपणी बोट दाखवून दाखवले. आमच्यासाठी ते ठिकाण सहलीचे नाही.

२०१० साली प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीखेरीज काही नाही. १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल तर डागडुजी करता येते, पण तिलाही परवानगी लागते, आणि पाडून नव्याने बांधणे तर १०० मीटरच्या आत बंदच. आमच्या चाळीच्या छपरावर दरवर्षी मे महिन्यात निळी ताडपत्री चढते आणि ती विटांनी दाबली जाते. जून उजाडला की त्याच विटांच्या बाजूने पाणी आत येते. दुरुस्तीच्या अर्जासाठी वडिलांनी ज्या कार्यालयात खेटे घातले, तेथे त्यांना प्रत्येक वेळी नवीन कागद सांगितला गेला. वडील आता नाहीत. ताडपत्री आहे. येथे पर्यटनाच्या गप्पा वाचताना मला राग येतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

शिलालेख:

आपल्या घरची स्थिती वाचून वाईट वाटले. तरीही एक गोष्ट बोलावीच लागेल. जोगेश्वरीच्या लेण्यात जे पाणी झिरपते, त्यात वरच्या आणि बाजूच्या वस्तीचे सांडपाणीही आहे. हे लेणे सहाव्या शतकातले आहे आणि प्रशस्त हिंदू लेणी-मंदिरांतील अगदी आरंभीच्या लेण्यांत त्याची गणना होते. १०० मीटरचा नियम नसता, तर आज त्याच्या कातळावर बारा मजली इमारतीचा पाया खोदला गेला असता. कोणाला तरी त्रास होईल म्हणून नियमच नको, ही भूमिका मला घेता येत नाही.

जोगेश्वरी पूर्व:

नियम नको असे मी कोठे लिहिले? सांडपाण्याचे आपण म्हणता ते खरे आहे, पण वस्तीला नीट गटार बांधून द्या म्हटले तर, कायदा गटाराला बांधकाम मानत नसतानाही, ते काम अडते. म्हणजे घाण आमच्या नावावर आणि उपाय मात्र आमच्या हातात नाही. आपण एखाद्या रविवारी येऊन पायऱ्यांवरची घाण पाहता आणि आम्हाला दोष देऊन गाडी पकडता. कातळावर बारा मजले कोणी मागितलेले नाहीत. गळणारे पत्रे बदलायला ठरावीक मुदतीत हो किंवा नाही असे उत्तर मिळावे, एवढीच मागणी आहे.

मैदान हवे:

हेच मंडपेश्वरच्या आसपासच्या जुन्या इमारतींचेही दुखणे आहे. माझ्या मित्राच्या इमारतीला टेकू लावले आहेत आणि पुनर्विकासाला कोणी हात लावत नाही. त्या इमारतीतील मुलांना लहानपणापासून घरात एकच वाक्य ऐकू येते की या लेण्यामुळे आपले घर अडले. ती मुले मोठी होऊन लेणे जपतील अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? निदान खेळण्यापुरती तरी ती जागा त्यांना आपली वाटते आहे, आणि तीही आपण काढून घ्यायला निघाला आहात.

पार्ल्याची आजी:

आवाज थोडा खाली आणावा. दोघेही त्या जागेवरच्या मायेपोटीच भांडता आहात, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते आहे.

पोयसरकाठ:

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेने गेला, पण जोगेश्वरी पूर्व यांनी जे लिहिले ते मूळ प्रश्नाशीच जोडलेले आहे. महाकालीच्या डोंगरावर एकोणीस लेणी आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत आणि तिला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. तेथे मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा शुकशुकाट पाहिला आहे. अंधेरीत कामाला येणारी एवढी माणसे पायथ्यावरून जातात आणि वर कोणी चढत नाही. जेथे शेजाऱ्यांचे पाऊल पडते, तेथे गैरप्रकार झाला तर निदान आरडाओरडा होतो. म्हणून मी जवळच्या ठिकाणी जा असा आग्रह धरतो. मंडपेश्वरमधील क्रिकेटबाबत मात्र मी अर्धाच 'मैदान हवे' यांच्या बाजूला आहे. खेळ चालावा, पण फलंदाजाचे तोंड लेण्याच्या विरुद्ध दिशेला असावे आणि खांबांपुढे जाळी लागावी.

'गिरगावातून बोरिवलीत' यांना एवढेच सांगतो की कान्हेरीला डिसेंबरात सकाळी लवकर जा, वाटेवर पाड्यातल्या आदिवासी बाया बोरे आणि काकड्या घेऊन बसतात तेथे थांबा, आणि सगळी लेणी पाहण्याचा हट्ट सोडा. तिसरे लेणे, लांब दगडी ओटे असलेले अकरावे लेणे, आणि पाण्याची टाकी, एवढेच एका सकाळी पुरे.

गिरगावातून बोरिवलीत:

पन्हळीत बोट घालण्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि ती मुलांना आवडेल, एवढे कबूल करते. पण हे ज्ञान तुमच्याकडून येथे मिळाले, तेथील पाटीवर नाही, आणि ही माझी तक्रार जशीच्या तशी उभी आहे. पार्ल्याच्या आजींचे नाट्यगृहाविषयीचे म्हणणेही मान्य. दुपारपाळी यांच्या बागेच्या कुलपावर मात्र कोणीच उत्तर दिले नाही, आणि माझ्या मते या धाग्यातील सर्वांत सहज सुटण्यासारखा प्रश्न तोच होता.

दुपारपाळी:

आठवण ठेवल्याबद्दल आभार. प्रभाग कार्यालयात अर्ज देण्याचा मसुदा मी लिहिला आहे. दुपारी बाग उघडी ठेवावी आणि स्वच्छतागृहाची किल्ली रखवालदाराकडे असावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. बोरिवली-कांदिवलीतील ज्यांना सही करायची असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

शिलालेख:

दुपारपाळी यांच्या अर्जावर माझी सही धरावी. जोगेश्वरी पूर्व यांनाही सांगतो की दुरुस्तीच्या अर्जाला मुदतीत उत्तर मिळाले पाहिजे, या मागणीला माझा विरोध नाही आणि तसे पत्र काढणार असाल तर त्यावरही सही करीन. मंडपेश्वरच्या पुढ्यातील क्रिकेटला मात्र माझा विरोध कायम आहे, जाळी लावली तरी.

मैदान हवे:

मग संध्याकाळी सहा वाजता या आणि तेथे खेळणाऱ्या मुलांना हे समोरासमोर सांगा. मी तेथेच असतो.