शब्दचर्चा : ऑप्टिकल ज्यूकबॉक्स, पिकर, मेलस्लॉट यांना मराठीत काय म्हणावे?

ऱ्हस्वदीर्घ
ऑप्टिकल डिस्कच्या स्वयंचलित लायब्ररीचे ऑपरेटरसाठीचे माहितीपत्रक मराठीत आणायचे आहे. यंत्र सव्वापाच इंची एमओ (मॅग्नेटो-ऑप्टिकल) कार्ट्रिजचे, म्हणजे डबीत बंद तबकडीचे, एचपी शुअरस्टोअर १२००ईएक्सच्या जातीचे. म्हणजे २३८ स्लॉट, प्रत्येकात ५.२ जीबीचे एक कार्ट्रिज, आणि त्या गुणाकारातून नावातले १२००. अडलेले शब्द : ज्यूकबॉक्स, चेंजर, पिकर, स्लॉट, मॅगझिन, मेलस्लॉट, फ्लिप, इजेक्ट, इन्व्हेंटरी, नियरलाइन. हाती आलेल्या मसुद्यात 'स्वयंचलित प्रकाशीय चकती ग्रंथालय' असे आहे. ते वाचून ऑपरेटर पुस्तके शोधत बसेल.

दप्तरखाना
ज्यूकबॉक्स तसाच ठेवा. अमेरिकेच्या दक्षिणेकडे नाचगाण्याच्या गुत्त्यांना 'ज्यूक जॉइंट' म्हणत, त्यावरून नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या पेटीला ज्यूकबॉक्स नाव पडले आणि पुढे ते साठवणुकीच्या यंत्राला चिकटले. मुंबईच्या इराणी हॉटेलांमुळे हा शब्द मराठी माणसाला परका नाही, आणि कामही तेच आहे : ओळीतून एक तबकडी काढायची, वाजवायची, परत जागेवर ठेवायची.

ग्रंथालय बाद. लायब्ररीला मराठी शब्द हवाच असेल तर 'तबकडी-भांडार' म्हणा. चकतीपेक्षा तबकडी बरी, ग्रामोफोनच्या काळापासून रुळलेली आहे. चकती म्हटले की भोपळ्याची नाहीतर वॉशर.

बिनतारी
मग चेंजर आणि ज्यूकबॉक्स दोन्हींना एकच शब्द चालेल ना? घरातल्या पाच सीडींच्या प्लेअरलाही चेंजरच म्हणायचे.

खटपट्या
चालणार नाही. घरगुती वापरात दोन्ही एकच, पण यंत्राशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चेंजर हा वेगळा घटक आहे. स्कझीच्या (संगणकाला साठवणुकीची उपकरणे जोडण्याच्या पद्धतीच्या) नियमांत 'मीडियम चेंजर' हा उपकरणाचा स्वतंत्र प्रकार आहे, त्याचा क्रमांक ८. एका ज्यूकबॉक्समध्ये एक चेंजर आणि चार ड्राइव्ह असतील तर संगणकाला पाच उपकरणे दिसतात. ड्राइव्ह दिसतात पण चेंजर दिसत नाही, किंवा उलटे, ही नेहमीची तक्रार. तिथे 'ज्यूकबॉक्स दिसत नाही' असे लिहिले तर कोणती केबल, कोणता पत्ता तपासायचा हे कळणारच नाही.

चेंजरच्या हिशेबी यंत्रात चारच प्रकारच्या जागा असतात : नेणारा हात, ठेवण्याचे खण, आत-बाहेर करण्याचे दार, आणि वाचणारा ड्राइव्ह. सगळ्या आज्ञा 'अमुक जागेवरून तमुक जागेवर ने' या एकाच साच्याच्या. त्यामुळे माहितीपत्रकातले चार शब्दही या चार जागांना नेमके बसले पाहिजेत. एकाच वस्तूला पान ३ वर 'कप्पा' आणि पान ९ वर 'खाच' म्हटले की ऑपरेटर दोन वस्तू शोधतो. स्लॉटला सगळीकडे 'खण' म्हणा. खाच, खोबण हे शब्द बारीक चिरेसाठी राहू द्या. कार्ट्रिजच्या अंगावर पकडीसाठी खरोखरच खाचा असतात, तिथे ते लागतील.

त्रुटींची वाक्येही याच शब्दांत सरळ बसतात. ३बी/०डी हा कोड आला तर 'ठेवायची जागा आधीच भरलेली आहे', ३बी/०ई आला तर 'उचलायची जागा रिकामी आहे'. या दोन्हींत बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते. कोणीतरी हाताने कार्ट्रिज हलवलेले असते आणि सॉफ्टवेअरची यादी जुनी राहिलेली असते. १५/०१ म्हणजे हात ठरलेल्या जागी पोचलाच नाही. तिथे मात्र पट्टा सैल झाला का, सेन्सरवर धूळ बसली का, एखादे कार्ट्रिज खणातून अर्धवट बाहेर आले आहे का, हे पाहावे लागते.

ऱ्हस्वदीर्घ
पिकरला, म्हणजे कार्ट्रिज नेणाऱ्या हाताला, 'वाहक' कसा वाटतो? 'उचल्या'ही डोक्यात आला होता.

दप्तरखाना
उचल्या नकोच, त्याला चोरीचा आणि त्याहून वाईट वापराचा डाग आहे. वाहक एसटीत तिकीट फाडतो आणि विजेच्या तारेतही असतो. पिकर राहू द्या, क्रियापदे मराठी करा : पिकर उचलतो, नेतो, पलटतो, ठेवतो. नामापेक्षा क्रियापद चुकले तर जास्त घोटाळा होतो.

खटपट्या
याला जोरदार अनुमोदन. सगळ्यात घातक क्रियापद आहे 'बाहेर काढणे'. इंग्रजीत इजेक्ट वेगळे आणि एक्स्पोर्ट वेगळे. मराठीत दोन्ही 'बाहेर काढणे' झाले की संपले. इजेक्ट म्हणजे ड्राइव्हने कार्ट्रिज पिकरच्या तोंडाशी सोडणे. ते यंत्राच्या आतच असते. एक्स्पोर्ट म्हणजे माणसाच्या हाती देणे. पहिल्याला 'ड्राइव्हमधून सोडणे', दुसऱ्याला 'यंत्राबाहेर देणे' असे लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

क्रमही लिहाच, कारण बहुतेक अडकाअडकी इथेच होते. आधी फाइल सिस्टीम उतरवायची, म्हणजे अनमाउंट. मग तबकडी फिरायची थांबवायची. ती पुरती थांबली की ड्राइव्ह कार्ट्रिज सोडतो. त्यानंतरच पिकर पकडतो. फाइल सिस्टीम चढलेली असेल तर ड्राइव्हला कुलूप असते आणि तो सोडायला नकार देतो. तेव्हा ५३/०२ येतो. हा नकार ड्राइव्हचा. पिकरचा दोष समजून लोक झाकण उघडतात आणि चालू काम बंद पाडतात.

बिनतारी
फ्लिपला 'उलटणे' का नको?

खटपट्या
'उलटे ठेवा' याचा अर्थ कोणी पुढचे टोक मागे असा घेतो, कोणी वरची बाजू खाली असा. 'बाजू पलटणे' म्हटले की शंका उरत नाही, भाकरीसारखे. इथे ते फार महत्त्वाचे आहे. सव्वापाच इंची एमओ तबकडीच्या दोन्ही बाजूंवर मजकूर असतो, पण ड्राइव्हमध्ये वाचणारे डोके एकाच बाजूला. ५.२ जीबीच्या कार्ट्रिजमधले एका वेळी २.६ जीबीच वाचता येतात. दुसऱ्या बाजूसाठी कार्ट्रिज सोडायचे, पिकरने ते १८० अंशांत फिरवायचे आणि परत घालायचे. म्हणून 'अ बाजू' आणि 'ब बाजू' यांना दोन स्वतंत्र खंड म्हणून नाव द्यावे लागते. लेखन-बंदीचे बोटही प्रत्येक बाजूला वेगळे असते. नंतर आलेल्या यूडीओ (अल्ट्रा डेन्सिटी ऑप्टिकल) तबकड्यांची तऱ्हा तीच : ३० जीबी म्हणजे बाजूला १५.

लिनक्सवर चेंजरला आज्ञा देणाऱ्या एमटीएक्स या छोट्या प्रोग्रामात पलटण्यासाठी 'इन्व्हर्ट' असा वेगळा शब्द द्यावा लागतो. तो विसरला तर कार्ट्रिज बिनतक्रार चढते, फक्त भलतीच बाजू समोर येते. चूक म्हणून काहीच दिसत नाही, हेच त्यातले वाईट.

दप्तरखाना
आता मॅगझिन. हा शब्द मुळात अरबी 'मख़ज़न', म्हणजे कोठार. नियतकालिक आणि बंदुकीतले गोळ्यांचे घर दोन्ही त्यातूनच आले. गाडीच्या डिकीत बसणाऱ्या सीडी चेंजरमध्ये ६ किंवा १० सीडींचे मॅगझिन असायचे. अनेक तबकड्या एकत्र घेऊन सरकवता येणारा डबा, तेच मॅगझिन. तुमच्या यंत्रात एकेक कार्ट्रिज स्वतंत्र खणात बसत असेल तर हा शब्द तुम्हाला लागणारही नाही. सोनीच्या ऑप्टिकल डिस्क आर्काइव्हने हा फरक पुसला : २०१२च्या सुमाराच्या पहिल्या पिढीत एका कार्ट्रिजमध्ये १२ उघड्या तबकड्या आणि मिळून दीड टीबीपर्यंत जागा. तिथे कार्ट्रिज हेच मॅगझिन.

बिनतारी
उघड्या सीडी, ब्लू-रे हाताळणाऱ्या यंत्रांसाठी शब्द बदलतील का?

खटपट्या
पकडीचे शब्द बदलतील. कार्ट्रिज नाही, म्हणजे धरायला कडाही नाही आणि खाचही नाही. १२० मिमी व्यास, १.२ मिमी जाडी आणि मध्ये १५ मिमीचे भोक, एवढेच हाती. काही यंत्रे भोकात बोटे घालून ती फाकवतात, काही रबरी चूषकाने वरून ओढून धरतात, काही तबकडीखालचा ट्रेच सरकवतात. तिघांना 'पकड' म्हटले तर दुरुस्तीच्या पानावर गोंधळ होईल. चूषकाचे रबर कडक झाले की हवा गळते आणि तबकडी वाटेत पडते. फाकणारी बोटे झिजली की ती तिरकी लोंबते. दोष वेगळे, सुटे भाग वेगळे.

आणखी एक. डुप्लिकेटर जातीच्या, म्हणजे तबकड्यांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांत खण नसतात, तबकड्यांची थप्पी असते. थप्पीत वरचीच आधी निघते, मधली मागता येत नाही. दमट हवेत किंवा स्थिर विजेमुळे दोन तबकड्या चिकटून एकदम उचलल्या जातात. तबकडीच्या खालच्या अंगाला भोकाभोवती जे बारीक कडे असते ते दोघींत फट राहावी म्हणूनच, तरीही हे होते. उपाय साधा : थप्पी लावण्याआधी तबकड्या कडेने धरून पत्त्यांसारख्या मोकळ्या करायच्या.

ऱ्हस्वदीर्घ
'खण' पक्का. मेलस्लॉटसाठी मसुद्यात 'टपालफट' आहे.

दप्तरखाना
टपालाशी त्याचा संबंध नाही. मोठा दरवाजा न उघडता एखादेच कार्ट्रिज आत-बाहेर करायची ती सोय. वाड्याच्या दरवाजातल्या लहान दाराला आपण दिंडी म्हणतो, तो शब्द घ्या.

बिनतारी
ऑपरेटर टाळ घेऊन येतील.

खटपट्या
दिंडी झकास आहे, पण पहिल्यांदा 'दिंडी, म्हणजे एकेका कार्ट्रिजचे दार' असे लिहा. मोठा दरवाजा उघडला की सुरक्षेसाठी मोटारींची वीज तुटते, आणि बंद केल्यावर यंत्र सगळे खण पुन्हा तपासत बसते. दिंडीतून घातले तर चालू काम थांबत नाही. कार्ट्रिज कोणत्या दिशेने, कोणती बाजू वर, याचे चित्र दिंडीवरच चिकटवलेले हवे. इथे उलटसुलट घातले की पुढे अ आणि ब बाजू कायमच्या अदलाबदल होतात.

इन्व्हेंटरीला 'साठामोजणी' लिहू नका. यंत्र फक्त कोणता खण भरलेला, कोणता रिकामा एवढेच पाहते; त्याला 'हजेरी' म्हणा. भरल्या खणात नेमके कोणते कार्ट्रिज आहे हे बारकोड नसेल तर तबकडी चढवून तिच्यावरचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. त्याला 'ओळखपरेड'. हजेरी आणि ओळखपरेड यांतला फरक ऑपरेटरला माहीत हवा. २३८ कार्ट्रिजच्या दोन्ही बाजू म्हणजे ४७६ वेळा चढवणे-उतरवणे. एका वेळेला अर्धा मिनिट धरला तरी एका ड्राइव्हवर चार तास.

बिनतारी
नियरलाइन?

दप्तरखाना
ऑनलाइन समोर, नियरलाइन हाताशी, ऑफलाइन कपाटात. 'हाताशी'मध्ये थोडी वाट पाहणे गृहीत आहे, आणि ती वाट खरोखरच पाहावी लागते : पिकरची फेरी आणि तबकडीने वेग घेणे मिळून काही सेकंद. २०१४मध्ये फेसबुकने १०,००० ब्लू-रे तबकड्यांचे १ पेटाबाइटचे कपाट दाखवले तेही याच कल्पनेवर, क्वचितच लागणाऱ्या मजकुरासाठी.

खटपट्या
त्याच जोडीला 'थ्रॅशिंग'साठीही शब्द लागेल. एका ड्राइव्हकडे दोन कार्यक्रम दोन वेगळ्या तबकड्या आळीपाळीने मागू लागले की पिकर नुसता येरझाऱ्या घालतो आणि मजकूर जवळजवळ काहीच वाचला जात नाही. 'येरझारा' हाच शब्द ठेवा. उपायही लिहा : मागण्या तबकडीनुसार गटात लावायच्या, आणि एक ड्राइव्ह लेखनासाठी राखून ठेवायचा.

ऱ्हस्वदीर्घ
एक वाक्य तपासून द्या : 'यंत्र चालू करण्यापूर्वी पिकरची वाहतूक-खीळ काढावी.'

खटपट्या
शब्द बरोबर आहे, जागा चुकली आहे. ते वाक्य जोडणीच्या प्रकरणात आहे, हलवण्याच्या प्रकरणातही हवे : आधी पिकरमध्ये आणि ड्राइव्हमध्ये एकही कार्ट्रिज नाही याची खात्री करा, मग वीज बंद करा, मग खीळ लावा. 'काढावी'ऐवजी 'काढा' लिहा, आणि काढलेली खीळ व स्क्रू मागच्या पॅनेलच्या आत टेपने चिकटवून ठेवा असेही सांगा. खीळ लावलेलीच राहिली तर पिकर मूळ जागा शोधायला निघतो, मोटार अडते आणि पडद्यावर १५/०१ येतो.