पाथ लेंथ: क्यूव्हेटची १ सेंमी की विंडोजची २६०?

रसायनवाली: मंडळी, मी बीएस्सीची प्रात्यक्षिकं घेते. आमच्याकडे पाथ लेंथ म्हणजे प्रकाश द्रावणातून जितका जातो तेवढं अंतर. क्यूव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक चौकोनी कुपी) १ सेंमीची, विषय संपला. परवा परमँगनेटचं रीडिंग घेताना एका मुलीने चुकून २ सेंमीची लावली. द्रावण तेच, शोषकता (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप) मात्र ०.३१ वरून थेट ०.६२! त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवरची जर्नलं नव्या पीसीवर उतरवायला गेले, तर विंडोज म्हणतं पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा पत्ता, फार लांब आहे. फोल्डरात फोल्डर आहेत, नावं मराठीत. पण मी बोट ठेवून मोजलं, दीडशेसुद्धा अक्षरं भरत नाहीत. मुलगा म्हणतो, ग्राफ थिअरीत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे कडा, यांचं गणित) तर नुसत्या कडा मोजतात. वर्गात कुणी विचारलं तर काय सांगू?

कोडकरी: ताई, बोट ठेवून मोजलंत तिथेच गफलत झाली. विंडोजची जुनी मर्यादा २६० ची. त्यात ड्राइव्हचं अक्षर, सगळे बॅकस्लॅश आणि शेवटचं न दिसणारं शून्यचिन्हही आलं. शिवाय काना, वेलांटी, हलन्त प्रत्येकी वेगळे धरतात. 'विद्यार्थी' आपल्याला तीन अक्षरं, त्याला दहा: व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवता येते, पण सेटिंग चालू करावं लागतं आणि प्रोग्रॅमनेही ते मानावं लागतं. त्यापेक्षा नावं आखूड करा.

जुना_मास्तर: आमच्या प्रकाशशास्त्रात आणखी वेगळं. १ सेंमी काच, अपवर्तनांक १.५, म्हणून ऑप्टिकल पाथ लेंथ १.५ सेंमी. काच पार करायला लागतो तेवढ्या वेळात प्रकाश निर्वातात दीड सेंमी गेला असता. तुमच्या क्यूव्हेटला हा गुणाकार लागत नाही, कारण तिथे वाटेत किती रेणू आडवे आले एवढ्याशीच मतलब. चिरंजीवांचंही बरोबर आहे. पुणे-नाशिक विनाथांबा एसटी म्हणजे एक कडा. कडेवर किलोमीटर लिहिले की तीच वाट सुमारे २१०. म्हणून मुलांना आधी विचारा, वाटेत मोजायचंय काय?

रसायनवाली: 'विद्यार्थी_प्रात्यक्षिक_नोंदवही'चं 'जर्नल' केलं, सगळं उतरलं! दोघांचेही मनापासून आभार. उद्या १ सेंमीच्या क्यूव्हेटमध्ये शोषकता बरोबर १ येईल असं द्रावण करून दोन्ही क्यूव्हेट शेजारी ठेवणार आहे. शोषकता १ ने वाढली की पलीकडे जाणारा प्रकाश दहावा हिस्सा उरतो, म्हणून १ सेंमीच्या क्यूव्हेटमधून १० टक्के प्रकाश पलीकडे जाईल, २ सेंमीच्या क्यूव्हेटमधून फक्त १. आधी मुलांकडून अंदाज लिहून घेते. बहुतेक जण ५ लिहितील.